न जळणारी उन्हाळी

२२ एप्रिल
माफ कर, वही. होळीपासून एक ओळ नाही. आज लिहिते, कारण घरात तोंड उघडलं की हातात सब्जाचं पाणी येतं.
माझ्या मयुरीला लघवीतून रक्त गेलं. चौदा वर्षांची पोर. "आजी, पाळी नाई माही!" सांगून दमली. सासूबाईंनी तिला देवघराबाहेर बसवलंच. वर निदान — "उन्हाळी लागली पोरीले." दोन्ही एकदम!

२४ एप्रिल
रक्त थांबलं. सब्जा जिंकला.

३ मे
पुन्हा लाल. आता धण्याचं पाणी. भूपेंद्रला दुकानात फोन केला. नवऱ्याचं उत्तर : "वर्ध्याच्या उन्हात कोणाले लागत नाई? काऊन घाबरून राह्यली?"
पण उन्हाळीत जळजळ होते. हिला काहीच नाही. न जळणारी उन्हाळी! की मीच आजार शोधतेय? बी.एस्सी. झाल्याचा तोटा.

५ मे
शेवटी मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. लघवीत जंतू नाहीत. सोनोग्राफीही ठीक. भूपेंद्रने पेढे घेतले. श्रेय धण्याला.
मला आनंद होईना. चांगल्या बातमीतही खोट काढणारी बाई मी.

९ मे
वेणी घालताना मयुरी सहज म्हणाली, "सोनोग्राफीच्या दिवशी तू एवढं पाणी पाजलं, मी आत जायच्या आधी बाथरूमला जाऊन आली. टेबलावरच झाली असती तर? त्यांनी विचारलं, लागली का, मी हो म्हटलं."
लघवीच्या रिकाम्या पिशवीत काय दिसणार? बाहेर रांग होती, त्यांनीही तेवढ्यावर भागवलं. आणि आम्ही पेढे वाटले — अख्ख्या गल्लीत!

१० मे
भरल्या पिशवीने पुन्हा सोनोग्राफी. आतल्या भिंतीला चिकटलेली छोटी गाठ. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "या वयात मी अजून पाहिली नव्हती."
सासूबाईंनी सब्जाचा डबा आत ठेवून दिला.

१९ मे
दुर्बिणीतून गाठ काढली. मयुरी शुद्धीवर येताच म्हणाली, "भूक लागली." मी रडले. कॅन्टीनमध्ये जाऊन.

२७ मे
रिपोर्ट आला. सौम्य प्रकार. मुलांमध्ये क्वचित होतो, झाला तर बहुधा परत येत नाही. तरी काही वर्षं तपासत राहायचं.
"आजी, आता जाऊ का देवघरात?"
"जाय माय, जाय. बोलू नको जास्त."

२८ मे
पुढची तारीख घ्यायला तिघं गेलो. डॉक्टरांनी विचारायचं म्हणून विचारलं — घरात आणखी कोणाला असं रक्त जातं का? मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात भूपेंद्र, जमिनीकडे बघत :
"मले जाते कधी कधी. दिवाळीपासून."

उद्या : भूपेंद्रची सोनोग्राफी.