धुरकट डाग

दौंड, मंगळवार

जावेचा हेवा वाटतो, म्हणून लिहिते आहे. आम्हा दोघींनाही फुफ्फुसाचा कॅन्सर, सुरुवातीचाच. मी शिकलेली, म्हणून डॉक्टरांनी सीटीच्या फिल्म मलाच समजावल्या. शांताचा डाग धुरकट. ऑपरेशननंतर परत उद्भवण्याची भीती कमी. माझा तेवढाच, पण घट्ट, भीती जास्त. जन्मभर चूल तिने फुंकली, मी शाळेत शिकवलं. मग बरा, धुरकट डाग तिचा कसा?

दवाखान्यातून परतताना गाडीत कासुर्डीजवळ तिने विचारलं, "आक्का, धुरकट म्हंजी लई वंगाळ हाय का वो?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मुद्दाम. दौंडपर्यंत ती पदरात तोंड घालून रडली.

घरी माझ्या पिशवीत तिच्या फिल्मचंही पाकीट निघालं. संध्याकाळी तिच्याकडे गेले.

शांताला दिलं: फिल्म, रिपोर्ट, आणि धुरकट म्हणजे चांगलं, हे एक वाक्य.