लाल खोक्यातलं विरजण

१२ जानेवारी, सोमवार
कापूरहोळला एसटीतनं उतरले आणि प्रयोगशाळा पाच मिनिटांत सापडली. जागा झकास आहे. फरशी पांढरी, नळाला दिवसभर पाणी. वाडीत हंडाभर पाण्याला अर्धा डोंगर उतरायचे, तेच हात आता काचेच्या बाटल्या धुणार. साधना मॅडम पोरीच्या वयाच्या आहेत, पण डोकं जागेवर. त्यांनी ही वही दिली. काय धुतलं, काय उकडलं, ते रोज लिहायचं. मी चौथी पास, चुकलं तर बोलायचं नाही, असं आधीच सांगून टाकलं. हसल्या. नियम एकच. लाल खोक्यातलं सगळं आधी मोठ्या कुकरात अर्धा तास उकडायचं, मगच धुवायचं. एवढं तर शेंबडं पोर करील.

राहायला किकवीत, नणंदेकडं. आक्काबाई एकट्याच असतात. आल्या आल्या सुनावलं, की बाळे, तिकडं बाटल्या धू नाहीतर सोनं धू, माझी भांडी मी तुझ्यामागनं पुन्हा विसळणार. त्यांना शुगर आहे, दोन वेळा गोळ्या. जिभेला मात्र काही झालेलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
तेहतीस बाटल्या. मॅडम दिवसभर कॉम्प्युटरवर नुसत्या अक्षरांच्या रांगा बघतात. हे काम आहे व्हय, म्हणून सरळ विचारलं. तर म्हणाल्या, जंतूच्या अंगाला दारं असतात, त्यातनं तो साखर आत ओढतो. कुठलं दार कशाचं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या दाराच्या अक्षरांची रांग ओळखीच्या दारांच्या रांगेशेजारी ठेवायची. जुळली की दाराचं काम कळलं. यात काय एवढं? बारशाला बायका तेच करतात, नाक बापाचं, कान मामाचे. मॅडमना हे लई आवडलं. त्यांच्या नव्या जंतूची दोन दारं ओळखू आलीत, एक दुधातल्या साखरेचं, एक उसाच्या. तिसरं कुणावर गेलंय ते कळेना.

१७ जानेवारी, शनिवार
आक्कांचं विरजण बिघडलंय, दह्याला तार सुटते. आणि आज लाल खोक्यात दुधाची बाटली आली, त्यात दही असं लागलेलं की सुरीनं वड्या पाडाव्यात. असलं उकडून मोरीत ओतायचं? चमचाभर डबीत काढून घेतलं, बाकीचं उकडलं. विरजण घेतलं तर आमच्यात त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

२१ जानेवारी, बुधवार
आक्का दोन्ही वेळा वाटी भरून दही खातात. मीही खाते. डॉक्टरनं शुगर तपासली तर निम्म्यावर आलेली, गोळी अर्धी केली. भावजयीच्या हाताला गुण आहे, असं आक्कांनी गल्लीत मोठ्यानं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. हळदीकुंकवाला अकरा बायका आल्या, अकरा घरांत विरजण गेलं. शेजारची सुलू तर भोंगवलीला लेकीकडं देऊन आली. विरजणाला नाही म्हणायचं नसतं.

२३ जानेवारी, शुक्रवार
हा जंतू आला कुठनं, असं मॅडमना विचारलं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका गोठ्यातल्या शेळ्यांच्या पोटातनं. चौदा शेळ्या चरता चरता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. तोंडात पाला तसाच. पोट गच्च भरलेलं आणि रक्तात साखर नाही. भरल्या पोटी उपाशी मेल्या. दुधात तो लई वाढतो म्हणाल्या. मग विचारलं, खोक्यातलं सगळं उकडता ना?

व्हय म्हटलं.

२४ जानेवारी, शनिवार
आक्कांचं दह्याचं मडकं फोडलं. का ते सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? आक्का बोलायचं ते बोलल्या. संध्याकाळी येऊन बघते तर चुलीशेजारी नवं भांडं, वर ताटली. सुलूनं विरजण दिलं. आक्कांनीच तिला दिलेलं, ते परत आलं.

ते पण ओतलं. पण आक्कांनी त्याआधीच वाटीभर खाल्लेलं.

२६ जानेवारी, सोमवार
सकाळी आक्का घामानं भिजलेल्या. हात गार. मला ओळखेनात. साखर चारली, तशा उठून बसल्या, मला एक शिवी दिली. बरं वाटलं. पाव तासात पुन्हा पडल्या, आधीपेक्षा वाईट. गूळ दिला. पुन्हा तेच. जितकं घालते तितकं कमी पडतं. मी चारतेय ते कुणाला—

२७ जानेवारी
भोरला दवाखान्यात. साखरेचं सलाईन लावलंय. मॅडम आल्या. सगळं सांगितलं, चमचा, डबी, अकरा घरं. ओरडतील वाटलं. ओरडल्या नाहीत. तिसरं दार आज जुळलं म्हणाल्या. कुठल्या जंतूशी नाही. माणसाच्या अंगात साखर घेणारं दार असतं, त्याच्याशी.

“अंगाला तो परका वाटतच नाही, बाळाबाई. आपलाच वाटतो.”

मग माझं बोट टोचलं. आकडा बघितला आणि माझ्याकडं बघेनात. मला हितंच खाट घ्या म्हणाल्या. मी नाही घेतली. आक्कांपाशी बसले.

२८ जानेवारी
आक्का गेल्या. सकाळी दहाला. सलाईनची बाटली चालूच होती. शेवटी म्हणाल्या, “भूक लागली, बाळे.”

किकवीत दारोदार गेले. दही ओता, मडकी फोडा, म्याच आणलं ते. आक्कांच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं म्हणतात. पाठीवरनं हात फिरवतात. सुलूची लेक तिकडं चक्कर येऊन— पोटुशी आहे ती—

२९
घाम. अक्षर हलतंय. मॅडमचा फोन आला, माणसं घेऊन निघाल्यात, तोवर काही खाऊ नका, कुणाला खाऊ देऊ नका—

सुतक, म्हणून घरात चूल पेटलेली नाही. सुलू ताट घेऊन आली. भात, वर दही. तिच्या कपाळावर पण घाम. तिला सांगितलं. पुन्हा सांगितलं. ती कालवतेच आहे.

“दोन दिस पोटात काय न्हाई तुज्या. खा गं.”

नको. भूक लई— पण ही माझी नाही. माझी भूक मला ठाऊक आहे, वाडीत कितीदा उपाशी निजले— ही दुसरीच—

सुलू घास करते. एक मला, एक तिला. आधी तिचा हात धरायचा. लिहायचं सोडून धर, बाळे— हात उचलत नाही. तोंड उघडतंय. मी नाही उघ