टीव्हीवर गायलेला धवला

आये, मी टीव्हीवर धवला गायलो, तू लग्नात गायचीस तो. बाईच्या वेशात. ड्रॅगची स्पर्धा असते ती. आम्ही पुरुष नटूनथटून, बाई होऊन रंगमंचावर येतो आणि दर भागात परीक्षक एकाला घरी पाठवतात. तू गेलीस तेव्हा मी कल्याणला साड्यांच्या दुकानात कामाला होतो, त्यामुळे यातलं तुला काहीच ठाऊक नाही. एका भागात प्रत्येकाने आपापली कला दाखवायची होती. एकजण आगीचे खेळ करणार होता, दुसरा उंच टाचांच्या चपला घालून कोलांट्या मारणार होता. मी म्हटलं, मी आईचं गाणं गाणार.

काकाच्या मुलीची हळद आठवते? मी अकरा वर्षांचा होतो. गाता गाता तुझा आवाज बसला आणि पुढचं कडवं मी उचललं. मांडवातल्या बाया हसल्या. तू मनगटाला धरून मला बाहेर नेलंस. "गला चांगला हाय तुजा," म्हणालीस, "पन धवला बायांचा हाय. परत गायाचा नाय." मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसलोय, तू तांदळाची भाकरी थापतेयस आणि तेच कडवं सावकाश म्हणतेयस, दोनदा, माझ्याकडे न बघता. त्यानंतर कितीतरी सकाळी हेच. शिकवतेय असं तू कधी म्हटलं नाहीस, शिकतोय असं मीही म्हटलं नाही.

शूटिंगच्या आधी मी तुझ्या जोडीने गाणाऱ्या मावशीला फोन केलेला. गावात लग्न लावणारी धवलारीण आता तीच. टीव्हीवर गाऊ का म्हणून विचारलं, तर तिने फोनच ठेवला. तरी मी गेलो. माजिवड्याच्या पुढे एका स्टुडिओत, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसून, अंबाड्यात अबोली माळून. तिथले लोक म्हणत होते, गाण्याखाली ठेका टाकू. मी नको म्हटलं. नुसता आवाज. तो भाग मीच जिंकलो, आये. परीक्षकांनी विचारलं, कुणाकडे शिकलात? "माझी आई धवलारीण होती," मी म्हटलं, "तिने शिकवलं." तेव्हा माझी मान जेवढी ताठ होती तेवढी आयुष्यात कधी नव्हती.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या. ती म्हणाली, नातीची हळद आहे, दम पुरत नाही, तू येशील का. मी विचारलं, काय घालून येऊ?

"टीव्हीवर घातलंस तेच."

मी गेलो. सुरुवातीला काही बाया तोंडाला पदर लावून हसल्या, दोन म्हातारे उठून गेले. मग मावशीने माझ्यामागे सूर धरला आणि हळूहळू सगळा मांडव गायला लागला.

हे पत्र पाठवायचं कुठे, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकतो. टीव्हीवर शेवटच्या कडव्याला तुझे शब्द मला आठवेनात, मी माझेच जोडले. हळदीला मावशी नेमकं तेच कडवं, टीव्हीवर ऐकून पाठ केलेलं, माझ्यासोबत गायली. नंतर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "ह्ये तुज्या आयशीनं मला कदी दिलं नाय. तुज्यासाटीच ठेवलेलं." मी हो म्हणून मान डोलावली.