वळलेली मान

तिरकोजीराव,

तुझ्या सदा तिरक्या मानेवरून हे नाव मीच ठेवलेलं, म्हणून घटस्फोटानंतरही वापरते आहे. पत्र पाठवायचं नाहीये, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

फळ्याकडे बघताना आपली लेक मान फिरवते, अशी शाळेतून तक्रार आली. मी म्हटलं, बापाचा तोरा हिच्यात उतरलाय. तरी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिची मान सरळ धरली आणि म्हणाल्या, "आता बघा."

मी खुर्चीच घट्ट धरली. पोरीची बुबुळं लंबकासारखी हलत होती, थांबेचनात! मान सोडल्यावर ती वळवून लेकीने कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, आणि डोळे एकदम शांत.

"जन्मापासूनचं आहे. मान वळवली की डोळे स्थिरावतात. नीट बघायचं असेल तेव्हाच ती वळवते. घरात आणखी कोणाला आहे?"



कोर्टात शेवटच्या दिवशी तू खिडकीकडे मान करून बसला होतास. मी वकीलबाईंना कोपराने ढोसून म्हटलं होतं, "बघा, शेवटपर्यंत माझ्याकडे ढुंकून बघत नाहीये."

अरे मेल्या, तू दिवसभर मलाच बघत होतास!

तुझी,
सरळ बघूनही काही न दिसलेली