सासूबाईंचा कान

प्रिय गीदा,

तोंड तुझ्या आजीचं, अक्षर शेजारच्या फिलोमेनाचं. मी सांगेन तसंच लिहायचं, अशी शपथ घेऊन बसलीय, पण बाई मध्येच खोडते. मला वाचता येत नसलं तरी खोडलेलं दिसतं.

गेल्या रविवारी चर्चमधून आलीस आणि तीन वाट्या सूप उभ्यानेच प्यायलीस. बॉस्टनमध्ये डॉक्टरणींना उपाशी ठेवतात वाटतं. पोट भरल्यावर तुझी टकळी सुरू झाली. खऱ्या रोग्याच्या कानाचा आतला फोटो काढून तुमच्या सरावासाठी तसाच्या तसा प्लॅस्टिकचा कान यंत्रातून बनवतात, त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. चेहरा हलवणाऱ्या शिरेच्या जागी आत तार असते. कोरताना तिला धक्का लागला की घंटी वाजते, म्हणजे रोग्याचं अर्धं तोंड गेलं. आणि मग तो एकतीस नंबर. "वावो, हा कान नाही, सासू आहे सासू! कितीही जपून वागा, ओरडायचीच." तुम्ही सगळे त्याला सासूबाई म्हणता. तू अकरा वेळा कोरलास, अकराही वेळा घंटी. तुझे सर विटकॉम्ब, त्यांनी नऊ वेळा, तरी सातदा घंटी. चमच्याने वाटी वाजवून तू घंटीची नक्कल केलीस, तेव्हा तुझ्या आईला हसून हसून ठसका लागला. मीही हसले. "बिचारीचं तोंड वाकडं होणार, लिहून देते," म्हणालीस. मी म्हटलं, तो पाव सरकव इकडे.

कानातला मळ काढायला जातेय, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. मळ नाही तो, पोरी. आत भलत्या जागी कातडी वाढलीय आणि ती हाड खातेय. ठेवली तर मेंदूपर्यंत जाईल, काढायची तर वाटेत ती शीर. विटकॉम्बने मला चित्र दाखवलं. इतरांची शीर कडेकडेने जाते, माझी मधोमध आडवी. मी म्हटलं, आमच्या बेटावर गल्लीत गाय बसायची तशी. दुभाषी मुलगी हसली, तो नाही हसला. शिकणाऱ्या मुलांसाठी तुमचा फोटो वापरू का, विचारलं. मी सहीच्या जागी फुली मारली. मी मेदेइरोस आणि तू सलिव्हन, बापाचं आडनाव आणि बापाचंच नाक, तू माझी नात हे त्याला कसं कळणार? मीही बोलले नाही. या महिन्यात तू दुसऱ्या हॉस्पिटलात आहेस, म्हणून हे जमलं.

तुला सांगायला तोंड उघडलं होतं. पण काय केलं असतंस? घरच्या डॉक्टरला आत घेत नाहीत. बाराव्यांदा कोरायला बसली असतीस आणि तुझा हात मात्र कायमचा कापरा झाला असता.

गिरणीत चाळीस वर्षं काढली मी. दोरा तुटला की दांडा ओढून माग थांबवायचा, तेवढं माझ्या हातात होतं. इथे मी झोपलेली. जपमाळ घेऊन बसते, तर देवाकडे मागावं काय तेच सुचत नाही. त्या डॉक्टरचा हात स्थिर ठेव म्हणावं, तर तो स्थिरच आहे. वाकडी माझी शीर आहे. मग आरशापुढे बसून त्या बाजूचा डोळा मारून बघते. फिलोमेना म्हणते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कुणाला मारायचाय डोळा? मासेवाल्याला, म्हटलं. हे तिने खोडलंय, मी परत लिहायला लावलं.

तू हे वाचशील तेव्हा गुरुवार असेल आणि मी आत असेन. फिलोमेना मला पोचवून तुझ्याकडे येईल. तिला चहा पाज, रडू देऊ नकोस. तुला कधीच कळू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. पण रविवारी निघताना दारात म्हणालीस, "शुक्रवारी धमाल आहे, सासूबाईंच्या खऱ्या ऑपरेशनची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, सगळ्यांनी पैजा लावल्यात." पडद्यावर आधी कान दिसणार. त्याची पाळी फाटलेली असेल, दोन वर्षांची असताना माझं कानातलं ओढून तूच फाडलीस ती. त्या पोरांच्या घोळक्यात, हसता हसता तुला ती ओळखू यायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. शुक्रवारी जायचं की नाही ते तू ठरव. पैज तूही लावली असशील. कुठल्या बाजूने, ते मला सांगू नकोस.

तुझीच,
वावो