वर बघ, छताकडे

सोमवार, २ मार्च

प्रिय वन्सं,

आशीर्वाद लिहावा तर तुम्ही म्हणणार, "वहिनी, तुम्ही माझ्याहून जेमतेम सहा महिन्यांनी मोठ्या, आशीर्वाद कसले देता?" म्हणून नुसता नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळवा.

पत्र बघून दचकू नका. फोनच करणार होते, पण डोळ्याच्या डॉक्टरांनी जोर लावायला सक्त मनाई केली आहे. शिंकायचं जपून, खोकायचं जपून, वाकायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. तुमच्याशी फोनवर बोलणं त्यातच येतं. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हे तुम्हाला कितीदा सांगायचं! लिहायला परवानगी आहे, बेताबेताने. म्हणून रोज थोडं लिहीन आणि आठवड्याअखेर टाकीन.

तर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. डाव्याचा महिन्याभराने. सध्या एक नवा आणि एक जुना असे दोन डोळे माझ्या पदरी आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. नवा झाकला की सगळं पूर्वीसारखं, कोऱ्या चहातून बघितल्यासारखं पिवळट. जुना झाकला की, वन्सं, काय सांगू! चादर पांढरी आहे. साखर पांढरी आहे. मी पांढरा रंगच विसरून गेले होते.

पण धक्क्यावर धक्के बसताहेत. दिवाणखान्याच्या छताला कोपऱ्यात एवढं मोठं जाळं, आणि मी तुम्हाला घर लख्ख असतं म्हणून ऐकवत होते. ओट्यामागच्या फरशा बघून मलाच मळमळलं. आरशात तर कोण ही आजीबाई घरात शिरली, असं वाटून मी मागे वळून पाहिलं.

सगळ्यात मोठा धक्का भिंतींचा. दोन वर्षांपूर्वी मी ह्यांना क्रीम रंग सांगितला होता. जन्मभर रंगाच्या दुकानात लोकांना शेड मिसळून देणारा माणूस, घरच्या भिंतींना करणार नाही? केला हो केला, आणि मी येईल त्याला सांगत सुटले, "ह्यांनी स्वतः मिसळलाय." काल बघते तर भिंती पांढऱ्याफेक! विचारलं तर तुमचा दादा पोट धरून हसला. म्हणे, "पांढऱ्याचे डबे उरले होते. तुला सगळं क्रीमच दिसत होतं, मग कशाला मिसळू?" बघा, बायकोच्या आंधळेपणाचा असा फायदा घेतात.

थेंब घालायची वेळ झाली. दिवसातून चारदा तेच घालतात. मला खुर्चीत मागे रेलवतात, पापणी धरतात आणि म्हणतात, "वर बघ, छताकडे." ते जाळं आता मला तोंडपाठ झालंय.

मंगळवार

आज ऊन छान होतं. मला बागेत खुर्ची टाकून दिली आणि सक्त ताकीद, मातीला हात लावायचा नाही. मी काळा चष्मा लावून बसले होते. ह्यांनीही काळा चष्मा लावलाय, घरातसुद्धा काढत नाहीत. म्हणतात, "तुझ्या सोबतीला." आमची जोडी दोन चोरांसारखी दिसत असणार. हॉस्पिटलमध्येही ते तसेच बसले होते. तिथली नर्स म्हणाली, "काका, आत तरी काढा," तर म्हणाले, "बायकोचं ऑपरेशन आहे, रडताना दिसायला नको." सगळ्या हसल्या.

त्यांनी गुलाब छाटले, मटाराचा वाफा खणला. मध्येमध्ये दम खात होते. मी म्हटलं, वय झालं तुमचं. आजकाल हात सारखे खाजवतात, गुलाबाच्या काट्यांनी म्हणे. पट्ट्यालाही एक नवीन भोक पाडलेलं दिसलं. मी जेवायला नीट घालत नाही असं तुम्ही म्हणायच्या आत सांगते, त्यांचंच पानात लक्ष नसतं.

आणि आज मला घर दाखवलं. खरंच, पाहुणीला दाखवावं तसं. हा मेन स्विच, हा गॅसचा नळ, ही पाण्याच्या टाकीची चावी, कात्री ह्या खिळ्याला, बॅटरी ह्या खणात. "आता दिसतंय ना? बघून ठेव." मी म्हटलं, अहो, मी इथेच राहते. पण नव्या डोळ्याचं कौतुक चाललंय म्हणून मीही हिंडले मागे मागे.

तुमच्या नासपतीची माफी मागायची आहे. रोप तुम्ही दिलंत तेव्हा पांढरा मोहर येईल म्हणाला होतात. मी दर वसंतात नाक मुरडलं, की कसला पांढरा, वन्संनी पिवळट जात गळ्यात मारली. आज चष्मा काढून बघितलं. पान एक नाही आणि झाड नुसतं पांढरंशुभ्र. तुम्ही जिंकलात. हे वाक्य फ्रेम करून लावा.

मला जवळून दिसावं म्हणून ह्यांनी एक फांदी वाकवून धरली. फुलांशेजारी त्यांचा हात होता. मी म्हटलं, "पुन्हा रंगाचे डबे काढलेत वाटतं? जा, हात धुऊन या." ते धुऊन आले. मग आम्ही चहा घेतला.

हात तसाच होता.

गुरुवार

काल लिहायचं राहिलं.

मटार काल सकाळी उठल्याउठल्याच पेरून झाले. दोन ओळी, मध्ये वेल चढवायला तार. तार ह्यांनी ताणली, मी खुर्चीतून "डावीकडे, डावीकडे" करत होते. चिमण्या दाणे उकरतात म्हणून वरून जुनी जाळी टाकली. पुदिना मागच्या वर्षीचाच फुटलाय. शेजारची मांजर पुन्हा वाफ्यात येऊन बसते, तिला हाकलायला मला उठू देत नाहीत. इथे डोंगरावर हवा सकाळी अजून गार आहे, दुपारी स्वेटर काढावा लागतो. त्यांनी मात्र काढला नाही.

मटाराचं सांगत होते. दाणे रात्रभर भिजवले होते, म्हणजे लवकर उगवतात.

वन्सं, काल मी छताकडे बघितलं नाही.

सकाळचे थेंब होते. त्यांनी मला रेलवलं. बाटलीची चिमुकली चोच त्यांना काळ्या चष्म्यातून दिसत नाही, म्हणून तेवढ्यापुरता ते चष्मा कपाळावर सरकवतात. "वर बघ, छताकडे." रोज मी बघते. काल तो हात मनातून जात नव्हता, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. वन्सं, त्यांच्या डोळ्यांत पांढरं काही नाही. अंड्याच्या बलकासारखे पिवळे आहेत, दोन्ही.

थेंब पडला तो गालावर. मी ओरडले असेन, कारण जोर लावू नको, जोर लावू नको असं ते म्हणत होते.

मी म्हटलं, "चष्मा काढा."

"अगं, थेंब वाया गेला, आधी..."

"काढा म्हणते ना!"

काढला. खुर्ची ओढून समोर बसले. मी नवा डोळा झाकला, तर तुमचा दादा होता तसा होता, सगळ्या जगासारखाच पिवळट. जुना झाकला, तर मागची भिंत पांढरी, उशी पांढरी, त्यांचा सदरा पांढरा, आणि त्यात तेवढा एक माणूस पिवळा. मी असं कितीदा केलं, मला माहीत नाही. शेवटी त्यांनीच माझा हात धरून खाली घेतला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीत कधीतरी. आधी मलाही वाटलं, दिव्याचा रंग असेल."

पांढऱ्यातल्या चाळीस शेड ओळखणारा माणूस, वन्सं! ह्याला दिव्याचा रंग आणि काविळीचा रंग कळत नाही?

"डॉक्टरकडे गेलात?"

"गेलो होतो मागच्या महिन्यात. पित्ताच्या नळीपाशी गाठ आहे म्हणाले. लगेच भरती व्हा म्हणाले."

"मग?"

"मग काय? तुझ्या डोळ्याची तारीख आली होती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. दूधवाल्यासाठी फाटक उघडायला ते मलाच का पाठवत होते, थंडीभर मफलर आणि टोपी का सोडली नाही, स्वतःचे कपडे धुणंवालीला न देता स्वतः का धुवायला लागले, हे एकदम उलगडलं. एकट्या माझ्यापासून काही लपवायची गरजच नव्हती. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते. भिंती खपल्या, तसंच हेही खपलं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

तर तुमचा दादा काय म्हणाला ते तसंच लिहिते. "डॉक्टरकडून घरी आलो तेव्हा तू मिठाच्या बरणीत साखर ओतत होतीस. म्हटलं, मी तिकडे जाऊन पडलो आणि परत नाही आलो, तर हिचं कसं होणार? सांगितलं असतं तर तू तुझं ऑपरेशन रद्द केलं असतंस. म्हणून आधी तुझे डोळे."

"डोळे? म्हणजे दुसरा होईपर्यंत थांबणार होतात?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. म्हणजे थांबणारच होते. मला घर दाखवत हिंडले ते ह्यासाठी. मेन स्विच, गॅसचा नळ, टाकीची चावी. मला वाटलं, लाड चाललेत.

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही भरती होईपर्यंत माझ्या डोळ्यात एक थेंब पडू देणार नाही."

"वेडेपणा करू नकोस. डोळा जाईल."

"जाऊ दे. तुम्ही नसताना काय बघायचंय मला?"

शुक्रवार

तुमच्या घराण्याचा हट्ट मला ठाऊक आहे, पण माझा त्यांना ठाऊक नव्हता.

परवाचे उरलेले आणि कालचे सगळे थेंब मी घेतले नाहीत. ते बाटली घेऊन मागे मागे, स्वयंपाकघरात, बागेत, पुन्हा स्वयंपाकघरात. आधी रागावले. मग म्हणाले, डॉक्टरला सांगेन. मी म्हटलं, जरूर सांगा, त्यांना तुमचेही डोळे दाखवू. मग म्हणाले, "अगं, फक्त एक महिना. महिन्याने काय बिघडतंय?" मी म्हटलं, मग माझंही महिन्याने बघू. जेवणाला दोघांनी हात लावला नाही.

आज सकाळी डोळा लाल झाला आणि चुरचुरायला लागला. मी भ्यायले, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून अक्षर काढलं नाही, बागेत जाऊन नासपतीखाली बसले. थोड्या वेळाने ते आले. एका हातात बाटली, दुसऱ्यात फोन. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. आवाज असा कापत होता की पलीकडच्या मुलीने तीनदा नाव विचारलं. सोमवारी सकाळी या म्हणाली. ते "बरं" म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि उभ्याउभ्याच रडायला लागले. "मला भीती वाटते गं," म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटत होतं की ते माझ्यासाठी थांबलेत. ते स्वतःसाठीही थांबले होते, वन्सं. घाबरलेत ते.

मी मान मागे टाकली. ह्या वेळी "वर बघ" म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि थेंब बरोबर डोळ्यात पडला.

शनिवार

आता टपालपेटीपर्यंत जाऊन हे टाकते. दूर नाही, आणि मला रस्ता स्पष्ट दिसतो. डोळ्याची लाली उतरली आहे.

हे तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही हॉस्पिटलमध्ये असू. फोन करून विचारत बसू नका, सरळ निघून या. तुम्हाला आणि मला सोडून त्यांना कोणी नाही. किल्ली पुदिन्याच्या कुंडीखाली ठेवते. मेन स्विच दाराच्या मागे, टाकीची चावी मागच्या अंगणात. मटाराला एक दिवसाआड पाणी, जाळी काढू नका. कानाचं यंत्र घेऊन या, डॉक्टर काय सांगतील ते आपल्याला दोघींना ऐकायचं आहे. आणि त्यांना बघून दचकू नका. मी एकदा ओरडले तेवढं पुरे.

गाठ कसली आहे, काढता येईल का, उशीर झालाय का, हे मला कोणीही अजून सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही असं नाही. हॉस्पिटलवाले सोमवारनंतर सांगू म्हणतात.

डाव्या डोळ्याची तारीख मी पुढे ढकलली. ती रद्द करू देत नाहीत, तसं वचनच घेतलंय माझ्याकडून. करीन कधीतरी. पण खरं सांगू? तो डोळा मला इतक्यात द्यायचा नाही. आत्ता ते खिडकीबाहेर मटाराच्या वाफ्यापाशी उभे आहेत, काही उगवलंय का बघताहेत. मी उजवा डोळा हाताने झाकलाय. डाव्याने तुमचा दादा अगदी धडधाकट दिसतो.

लवकर या.

एका डोळ्याने सगळं बघून चुकलेली, आणि दुसऱ्याने अजून काही न मानणारी,
तुमची वहिनी