भाऊसाहेबांची घागर

रविवार, मे १९७३

आज उपासनेत बोललो ते दारातल्या भिकाऱ्याकडे, लाजराकडे, न पाहणाऱ्या श्रीमंतावर. मेल्यावर त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही, हे सांगताना नजर पहिल्या बाकावरच्या भाऊसाहेबांकडे गेली. यंदा दुष्काळात गावात पाणी फक्त त्यांच्या विहिरीला, तेही उसाला चाललंय.

वाटलं, रागावतील. पण बाहेर येऊन म्हणाले, "पाळकसाहेब, लई चांगलं सांगितलं." आणि नेहमीसारखी घागर माझ्याकडे पाठवली.

समोरच्या ओट्यावर शांताबाई रिकामा हंडा घेऊन बसली होती. म्हणाली, "तुमचं बरं हाय." मी हसलो, घागर आत घेतली.

थकलोय. भाऊसाहेबांना कळलं नाही म्हणून चिडत होतो. चहा पिताना घागरीकडे लक्ष गेलं. लाजर दारातच बसला होता, आणि दार माझं होतं.